बोटं तयार झाली

३ जानेवारी
संकल्प : सिगारेट बंद. वकीलसाहेबांचा कोट पंधरा तारखेला तयार. बोटांना मुंग्या येतात. थंडी.

४ जानेवारी
सिगारेट बंद. जेवणानंतरची धरत नाही.

९ जानेवारी
काज करताना सुई बोटात गेली. अस्तरावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. बायको घाबरली. तिला समजावलं, एकतीस वर्षं शिवल्यावर बोटं अशी तयार होतात. टोचतं ते नवशिक्यांना.

१४ जानेवारी, दुपारी
कोट संपवून मशीनवरून उठलो, तर कोटही उठला. माझ्या शर्टाची बाही त्याच्या बाहीत शिवली गेली होती. मशीन जुनं झालंय. उसवायला बायकोला अर्धा तास लागला. वकीलसाहेबांकडे मुदत मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

१९ जानेवारी
दुकानातून एकाच चपलेने घरी आलो. दुसरी कुठे सुटली, पत्ता नाही. चपला हल्ली सैल बनवतात.

२२ जानेवारी
जळका वास आला. वाटलं, लोकर करपली. बायकोने माझा हात इस्त्रीवरून ओढला. उद्या डॉक्टर, असं तिने परस्पर ठरवलं.

३० जानेवारी
नेहमीच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं. नसांच्या डॉक्टरबाई. डोळे मिटून हात पुढे धरायला लावले. छान स्थिर धरले. डोळे उघडले तर बोटं आपापली वळवळत होती. त्यांनी छातीचा स्कॅन सांगितला. दुखणं बोटांत, फोटो छातीचा. सिगारेट? सोडली, असं ठणकावून सांगितलं. बायको छताकडे बघत बसली.

१२ फेब्रुवारी
फुफ्फुसात गाठ. कॅन्सर. बाई म्हणाल्या, शरीर गाठीशी लढायला उठलं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडलं. खोकल्याच्या आधी बोटं गेली, म्हणून गाठ लहान असतानाच सापडली. म्हणजे बोटांनीच वाचवलं. दोन महिन्यांत पूर्ववत. बाई असं म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून वाटलं.

२० फेब्रुवारी
कोट बायकोने पुरा केला. वकीलसाहेब म्हणाले, खांदा यंदा पहिल्यांदाच नीट बसला.

६ मार्च
अक्षर बायकोचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. पेन हातात राहत नाही.

बाई आज स्पष्ट बोलल्या. गाठ कदाचित आटोक्यात येईल. गेलेल्या नसा बहुतेक परत येत नाहीत.

लिहिण्याआधी हिने मागची सगळी पानं वाचली. सिगारेटचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणते. मला भीती वाटते. हेही लिहायचं का, तिने विचारलं. लिही म्हटलं.

तिने डाव्या हाताने माझा हात धरलाय. खाली बघितलं तेव्हा कळलं.