उजव्या हातातली अंगठी

लंडन, १० मार्च १८५१

ती. हेस्टरताईस,
सायलसचा शि. सा. न. वि. वि.

जत्रेत काळ्या कागदातून कात्रीने लोकांच्या सावल्या कापत फिरणारा तुझा भाऊ आता छापखान्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतो, हे बाबांना खुर्चीत बसवून मगच सांग. तू दुकानात दर महिन्याला ज्या कादंबरीचा भाग वाचून दाखवतेस, तिचे चित्रकार घोड्यावरून पडून मनगट मोडून बसलेत. म्हणून हा एक अंक मला मिळाला. लेखक थॉर्नडाइकसाहेबांना पसंत पडला तर पुढचे सगळे माझे, शिवाय चित्राखाली माझं नाव. नाहीतर परत जत्रा.

काम मोठं विचित्र. तांब्यावर डावीकडे काढलेलं कागदावर उजवीकडे उमटतं, म्हणून आरशात बघून सगळं उलटं काढायचं. या खेपेला कादंबरीतल्या लेटिसचं त्या थेरड्या ग्रिम्बलशी लग्न लागतंय. पाद्री काढला, ग्रिम्बलचं नाक काढलं, तेवढ्यात खाली रस्त्यावर नाचणारं अस्वल आलं. टोपी घातलेलं, ताई. यॉर्क सोडल्यापासून असलं अस्वल पाहिलं नव्हतं. बघून आलो आणि नवरीचे हात काढून मोकळा झालो. अस्वलाचं चित्र सोबत धाडतो.

बाबांचा राग आणि तुझी माया, दोन्ही आहेत तशी राहू देत.
तुझा, सायलस

व्हिट्बी, ४ एप्रिल १८५१

चि. सायलसला हेस्टरचे अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगितलं. म्हणाले, तो तांबंसुद्धा विकून खाईल.

अंक आला त्या दिवशी दुकानात एकही टोपी खपली नाही, सगळ्याजणी ऐकत बसल्या. लग्न लागलं तशी सगळ्यांनी आपापले रुमाल काढले. मग चित्र हातोहात फिरलं आणि मासळीवाल्या ओकबाईंनी एकदम जाहीर केलं की अंगठी उजव्या हातात आहे, डाव्या हातात नाही म्हणजे लग्नच नाही, पोर सुटली. मग काय, हसणं, चहा, केक. लेखक पक्का बेरकी, चित्रात खूण ठेवून दिली, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही मान डोलावली. पण सायलस, खरं सांग. ही खूण होती की अस्वल?

माझी माया आटणार नाही, पण उत्तराला उशीर केलास तर तुझी शाल विणायची थांबवीन.
हेस्टर

लंडन, १२ एप्रिल १८५१

ती. ताईस सा. न.

अस्वलच. त्याच्या नादात नवरीचे हात उलटे काढायचे राहिले.

तुझं पत्र वाचून मी छापलेलं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. ओकबाईंचं खरं आहे. त्याच दुपारी थॉर्नडाइकसाहेबांचं बोलावणं. जाताना कात्री खिशात टाकूनच गेलो. त्यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग, ब्रिस्टलपासून ॲबर्डीनपर्यंत सगळ्यांचा एकच सवाल, लग्न लागलं की नाही? साहेबांनी विचारलं, तुमच्या मनात काय होतं? एक झकास थाप जिभेवर आली होती. पण म्हटलं, जाऊ दे, आणि अस्वल सांगून टाकलं. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग विचारतात, टोपी कसली होती? आणि हसायला लागले ते थांबेचनात.

ती पोर ग्रिम्बलच्या गळ्यात बांधल्यापासून त्यांचाच लिहिण्यात जीव लागेना म्हणे. सख्ख्या आईने त्यांना चहा देणं बंद केलंय. आता पुढच्या अंकात असं, की पाद्री पिऊन आला होता, अंगठी भलत्याच हातात घातली, लग्न पुन्हा लावायला हवं, आणि त्याच्या आत लेटिस पसार. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं. म्हणाले, कादंबरीत बसतं. पुढचे सगळे अंक माझे, ताई. सकाळपासून नाव उलटं गिरवतोय, पहिलंच अक्षर हट्टी आहे.

शाल चालू ठेव.
तुझा सायलस

व्हिट्बी, ३ मे १८५१

चि. सायलसला आशीर्वाद.

लेटिस खिडकीतून पळाली तेव्हा ओकबाईंनी सगळ्या दुकानाला मासे वाटले. चित्र मी दारासमोरच टांगलंय. नाव बारीक आहे, पण सरळ आहे, मी दोनदा पाहिलं.

संध्याकाळी बाबा बंदरावरून आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, घोड्याचा पाय वाकडा आहे म्हणाले. मग हळूच विचारलं, की यातलं नाव कुठलं? तुला ठाऊकच आहे, त्यांना अक्षर लागत नाही. मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. जेवायला हाक मारली तरी बोट तिथेच होतं.

घरी ये, मग जा पाहिजे तिकडे.
हेस्टर