दादांचं सातवं विमान

३ जानेवारी, धाराशिव
सकाळीच रेखाचा फोन, दिल्लीहून. माझी भाची. १२ फेब्रु.ची तिकिटं काढलीत, पुणे ते दिल्ली, माझं आणि तिच्या बाबांचं. "आत्या, बाबांना आणायची जबाबदारी तुझी. ते उड्या मारतायत." उड्या म्हणे! चौऱ्याहत्तर वय, डाळमिलच्या धुळीनं छाती खिळखिळी. पण खरं सांगायचं तर मीही मारल्या असत्या. माझा भाऊ विमानात बसणार!

५ जाने.
दादा आले माकणीहून. एसटीतून उतरले ते एका अनोळखी माणसाला धरूनच. त्याला सांगणं चालू, "आमची सहा झाली. चीता, एमआय-१७, डॉर्निअर, अव्ह्रो, एएन-३२, आयएल-७६. आता सातवं एअरबस." तो बिचारा दादांच्या धोतराकडं बघतोय.
सहाही विमानांत (पहिली दोन खरं तर हेलिकॉप्टरं) बसलेय मी. फौजेच्या दवाखान्यातली नर्स, पेशंट न्यायचे-आणायचे. सुट्टीवर यायचं ते रेल्वेनंच. पण नवीन विमान झालं की दादांना निळं आंतरदेशीय पत्र धाडायचे आणि ते पाठ करायचे. म्हणून ती 'आमची'. आहेतच. आमचे वडील, अण्णा, गेल्यावर मला नर्सिंगला कुणी धाडलं? गाव म्हणत होतं, लग्न लावून दे. दादा म्हणाले, शिकंल ती.

६ जाने.
चहावर दादांनी माझीच पत्रं मला ऐकवली. "चीता: एवढंसं. पायलट, पेशंट आन मी. जिथं गाढव चढत न्हाय तिथं उतरतं. आयएल-७६: दादा, तुमच्या मिलचं गोदाम उडालं असं समजा." शब्दन् शब्द! मी विसरलेलं त्यांना पाठ. एएन-३२ चा आवाज कानात घुमला. काय यंत्रं होती एकेक! स्ट्रेचरवर स्ट्रेचर, आत जीव मुठीत धरलेली माणसं, आणि ते आपलं ढगात घुसून नीट उतरायचंच.

९ जाने.
दादांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. SpO2, रक्तातला ऑक्सिजन, बसून ९३. मग गल्लीतून पन्नास पावलं चालवलं. ८६. बोट बदललं. ८६.
"किती?"
"चहा घ्या."
कोण उडणार, कोण नाही, हे नोकरीभर मीच सांगितलं. एका जवानानं पाय धरले होते, तरी मी नाहीच म्हणाले. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आज वाटतंय.

११ जाने.
इथले डॉक्टर: "मॅडम, तुम्हीच ठरवा, तुम्हाला जास्त कळतं." गोड बोलून माझ्याच गळ्यात. ऑक्सिजन लावून नेता येईल. फॉर्म भरायचा, विमान कंपनीचा डॉक्टर हो-नाही कळवतो. बरोबर छोटं मशीन, नाकात नळी. बस, एवढंच.

१२ जाने.
एवढंच नव्हतं.
"नळी लावून? मंग म्या पेशंट झालो की."
"मग काय आहात?" तोंडातून गेलं. जिभेला हाड नाही माझ्या.
दादांनी पिशवी उचलली. मग, "कुसे, तुझ्या सहाही इमानात पेशंटच गेले. एखादा तरी पावना बसू दे की."
दुपारच्या गाडीनं गेले. डबा भरलेला तसाच ओट्यावर.

१३ जाने.
फॉर्म घेऊन बसले. 'विश्रांतीत': ९३. 'चालल्यानंतर': ९ लिहिला आणि थांबले. ९२ करायला कितीसा वेळ? नळी नको, भांडण नको. आणि वर गेल्यावर? दम लागून निळे पडले तर?
फाडला फॉर्म. थू माझ्यावर. लोकांच्या पोरांसाठी एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि सख्ख्या भावासाठी लिहिणार होते.

१७ जाने., माकणी
वहिनी दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलात. खोकला दाबून दाबून जेवंना झालेत."
दादा परसात. शेजारी बसले आणि पत्रात कधी न लिहिलेलं सांगितलं. एमआय-१७, लई उंचावर. तिथं पायलटसुद्धा मास्क लावतात. मीही. एकदा पेशंटला ऐकू येईना म्हणून मी माझा काढला, बोलत राहिले आणि धाडकन पडले. पाय मोडलेल्या त्या पेशंट जवानानंच ओढून माझ्या तोंडावर परत लावला.
दादा रागानं लाल. "तवा का न्हाय लिवलंस?"
"परत बोलावलं असतं तुम्ही."
"बोलावलंच असतं!"
खोकला आला. पाणी दिलं.
"पायलट नळी लावून इमान चालवायचे?"
"मास्क. चालवायचे."
"मंग आन तुझं मशीन."

२० जाने., माकणी
भाड्याचं मशीन आणलं. नळी लावून पन्नास पावलं: ९४. नळी काढून तीच पावलं: ८६. नवीन फॉर्मवर दोन्ही खरे आकडे. पाठवला. दादा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

२९ जाने., धाराशिव
विमान कंपनीचं उत्तर नाही. वहिनींचा फोन. दादा रोज संध्याकाळी पारावर नळी लावून बसतात, लोकांना एअरबस समजावतात. "आन न्हाय म्हनले तर ओ?"

२ फेब्रु.
अजून नाही. दहा दिवस राहिले. दादांनी स्वतः फोन केला.
"न्हाय म्हनले तर तू एकटी जा. तिकीट हाय की तुझं. आन उतरल्यावर सगळं लिव, ह्या टायमाला लपवू नको."
"एकटी नाही जाणार मी."
मशीनची फुसफुस फोनजवळ आली. मग, "बरं. खिडकीकडं कोन बसनार?"
"तुम्ही. हे काय विचारणं झालं?"
"न्हाय. तू बस. सहा इमानं झाली, एका बी पत्रात खाली काय दिसलं ते लिवलं न्हाईस."
खरंच की. पेशंटवरून नजर काढायची सोय कुठं होती?