कैरीची दाळ

भद्रावती, १२ मार्च २०२५

ती. मायले सेवा जोहार, सा. न. वि. वि.

गावात अजून रेंज नाई, म्हणून धानोऱ्याच्या बसवाल्याजवळ पत्र देऊन राह्यली.

घरातली सगळी पाकिटं म्या बंद केली. नूडल्स, तयार भाजी, आलं-लसणाची पेस्टबी. मसाला पाट्यावर वाटते. पहिल्या दिवशी तुह्या जावयानं, सुनिलनं विचारलं, हे कशाची भाजी हाये. दुसऱ्या दिवशी विचारलं नाई, ताटच सरकवलं. काल मात्र बाजारातून कैरी आणून दाळीत टाकली, तं रीनानं दोनदा मागून घेतली. पोरगी पाकिटाबिगर जेवली, माय!

आंब्याच्या पंडुमच्या सणाले आली का तू मले चुलीपाशी बसू देत नाई. म्हणते, कैचीनं पाकिटं कापून सैपाक करणारीनं पाहुणीसारखं बसावं. हसून म्हणते, पण मले लागते व. यंदा पंडुमचा सैपाक मीच करन.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही रंजीता

२० मार्च

चि. रंजीताले पोटभर आशीर्वाद वि. वि.

वाचून बरं वाटलं, अन् मंग कैरीपाशी येऊन थांबली. काऊन व, पंडुमच्या आधी नवी कैरी खाल्ली? देवाले दाखवल्याबिगर? गावच्या पुजाऱ्याले, पत्रू भुमकाले विचारलं. तो म्हणे, आधी खाल्लं तिनं यंदा घरची चूल शिवू नाई.

इतकी वर्षं पाकिटं खाल्ली, नेम एकदाबी मोडला नाई. पाकिटात नवं काई नोयतंच.

जेवाले मात्र ये.
तुही माय

२८ मार्च

ती. मायले सेवा जोहार वि. वि.

मी खूप रडली. बाजारात कैरी दिसली अन् पंडुम ध्यानातच आला नाई. रागानं पाकीट आणलं, तं रीना हात लावत नाई. एवढा सैपाक शिकून काय केलं मी? पुन्हा पाहुणी होऊन बसाले जीव होत नाई. यंदा येत नाई.

राग नसावा.
रंजीता

५ एप्रिल

चि. रंजीताले आशीर्वाद वि. वि.

तुह्यं पत्र वाचलं. अंगणातल्या झाडाची एक कैरी तोडली अन् मीठ लावून खाल्ली. लय आंबट निंगाली. मंग पत्रूकडे जाऊन सांगतलं. तो म्हणे, आता चूल तुलेबी बंद. म्या म्हटलं, बरं.

देवाचा निवद यंदा तुह्या भावाची, बिरजूची बायको रांधन. आपल्या दोघीसाठी म्या गोठ्यापाशी तीन दगड मांडले. बिरजू आतापासूनच म्हणून राह्यला, मी तिकडंच जेवन.

दाळ तू कर. मी जाळ पाहीन. ये व पोरी.
तुही माय