स्वल्प

अण्णा,

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज रविवारी सकाळी मी तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही शुद्ध मराठीत. ती शिकायला तुम्हीच मला पाठवलंत. चिकपेटच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर, तुम्ही चाळीस वर्षं उभ्याने कापड बेतलंत आणि मुलीला मात्र मराठीत एम.ए. करायला पुण्याला धाडलंत. बेंगळुरात राहायचं तर मराठी शिकून ही काय करणार, असं आत्या म्हणाली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आमची झिजली. हिची तरी नीट होऊ दे." जाडजूड शब्दकोश आणलात. गिऱ्हाइकाला उभं करावं तसं त्याला टेबलावर उभं करून टेपने मापलंत आणि सुटाच्या उरलेल्या तुकड्यांची पिशवी शिवलीत, आत त्याच्या मापाचा कप्पा ठेवून. पुण्याच्या वसतिगृहात मुली त्या पिशवीला हसल्या आणि मी ती खाटेखाली सरकवली. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

त्याआधीचा एक दिवस मला नेहमी आठवतो. मी तुमचा डबा घेऊन माडीवर आले होते आणि हट्टाने एका कोटाच्या कापडावर तुमच्या आकड्यांप्रमाणे खडूने रेघ मारली होती. तुम्ही कात्री उघडलीत आणि थांबलात. दर वेळी तसेच थांबायचात, पण त्या दिवशी मी म्हणाले, "कापा की अण्णा." "स्वल्प थांब. अवसर करू नको," असं म्हणून तुम्ही टेप लावलात. माझी रेघ अर्धा इंच आत गेली होती. "कापल्यावर जोडणार कोण? तू?" एवढंच बोललात आणि रेघ पुसायला ब्रश माझ्याच हातात दिलात. कान लाल झाले होते माझे. आज कुठलंही काम हातावेगळं करण्याआधी मी एकदा थांबते, ती सवय त्या टेबलाची आहे. लोक मला काटेकोर म्हणतात आणि मी ते श्रेय खुशाल घेते.

पुण्याहून आले ती शिष्ट होऊनच. आपल्या घरात घाईला अवसर म्हणतात, थोड्याला स्वल्प म्हणतात, बरं म्हणायचं तिथे सरी म्हणतात. मला एकेक शब्द खड्यासारखा लागायला लागला. मग इथे नोकरीला आलेल्या, मूळ पुण्याच्या मुलाशी लग्न ठरत आलं आणि त्याचे आईवडील आपल्याकडे यायचे झाले. आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कॉफी पिताय, आई चिरोटे लाटतेय आणि मी सांगतेय, "अण्णा, उद्या त्यांच्यासमोर स्वल्प-बिल्प म्हणू नका. ते कन्नड आहे, मराठी नाही. हसतील ते." आईचं लाटणं थांबतं. तुम्ही पेला खाली ठेवता आणि म्हणता, "सरी." मग स्वतःच चूक सुधारता, "बरं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जवळजवळ बोललाच नाहीत. हसलात, नमस्कार केलात, चिरोट्यांची ताटली पुढे केलीत. सासूबाई जाताना म्हणाल्या, "वडील फारच अबोल आहेत हो." माडीवर दिवसभर गिऱ्हाइकांची टर उडवणारे तुम्ही! मला वाटलं, चला, निभावलं. पण तुम्ही ते एका दिवसापुरतं धरलं नव्हतं. जावई घरात असला की तुमचं तोंड बंद, नऊ वर्षं. त्यांचा लग्नातला कोट तुम्ही माप न घेता, नुसत्या नजरेने बेतलात आणि तो अंगावर असा बसला की ते आजही सांगतात. त्यांनी मला विचारलं होतं, "अण्णा माझ्याशी बोलत का नाहीत गं? माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, स्वभावच आहे त्यांचा.

माझ्या मराठीला शेवटी नोकरीही मिळाली. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात फोनच्या पडद्यावर दिसणारी मराठी वाक्यं तपासायची. तिथे नागपूरहून नवीन आलेल्या एका मुलीने एकदा विचारलं, "मॅम, कॉमाला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हणाले, स्वल्पविराम. ती म्हणाली, "स्वल्प म्हणजे इथले ऑटोवाले म्हणतात तेच ना?" मी हो म्हणाले. घरी येऊन तुमची पिशवी काढली, शब्दकोश उघडला. स्वल्प: अगदी थोडे. तुम्ही मापून कप्प्यात बसवून दिलेल्या पुस्तकात तो शब्द होता, आणि ज्या चिन्हाच्या नावातच तो आहे, ते मी शाळेपासून वाक्यावाक्यात देत आले होते.

तेव्हा तुम्ही होतात, अण्णा. बसने तासाभरावर, आणखी दोन वर्षं. मी दर रविवारी यायचे, आज सांगू म्हणायचे आणि इडल्या खाऊन परत जायचे. माफी मागायची तर आधी हेही सांगावं लागणार होतं की एवढी एम.ए. झालेली मुलगी चुकली. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

मग दवाखान्यातली ती दुपार. मी उशाशी, हे खिडकीपाशी उभे. तुम्ही डोळे उघडता, म्हणता, "स्वल्प पाणी..." आणि नजर जावयाकडे जाते. ओठ मिटता. मग शब्द जुळवत म्हणता, "थोडं पाणी दे." त्या क्षणी मला माहीत होतं. अण्णा, स्वल्पच म्हणा, तो आपलाच शब्द आहे, एवढं वाक्य जिभेवर होतं. मी चमच्याने पाणी दिलं.

तुमच्यामुळे मला भाषा मिळाली आणि माझ्यामुळे तुमची गेली. हे तुमच्या जावयाला वाचायला द्यायचं म्हणून आज लिहायला घेतलं. ते बाहेरच्या खोलीत तुम्ही बेतलेल्या त्या कोटाला ब्रश करतायत, भाच्याच्या लग्नात घालायचा म्हणून. मघाशी आत डोकावून विचारलं, "काय लिहितेस?" मी म्हणाले, ऑफिसचं काम आहे.