छत्तीस वर्षे राखलेली जमीन

मी, सेलुवाइया, कै. आयसेआ यांची पत्नी, वय पासष्ट, राहणार व्हावाउ बेट, टोंगा. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर हलतं ते वयाने. कोणी शेजारी बसून लिहवून घेतलेलं नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

१. जमीन मला कोणालाही देता येत नाही. नवरा मासेमारीला जाऊन बुडाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, लेक अनासेइनी चार वर्षांची. आमच्याकडे जमीन पुरुषाच्या नावे चढते. विधवेने ती हयातभर कसावी, पण पुन्हा लग्न केलं किंवा परपुरुषाशी संबंध ठेवला तर हक्क संपला. मुलगा नाही, लेकीचं लग्न झालेलं, म्हणून माझ्यानंतर ती दीर मोसेसे यांच्याकडे जाईल. त्यावर माझी सही कोणी मागितलेली नाही.

२. व्हॅनिलाच्या यंदाच्या शेंगा शेजारीण लाविनिया हिला द्याव्यात. फूल एकच सकाळ उघडं असतं, आणि त्या सकाळी प्रत्येक फुलाला हाताने पराग लावावा लागतो, तरच शेंग धरते. ते काम मी केलं आहे.

३. मोसेसे यांचा कोयता त्यांना परत द्यावा. नवरा बुडाल्याच्या तेराव्या दिवशीच ते कोनफळाच्या वाफ्यात कोयता रोवून म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही माहेरी जा. हे बाईमाणसाचं काम नाही." मी गेले नाही. कोयता घ्यायला तेही परत आले नाहीत. मी तो वापरला, धार लावून ठेवला आहे.

४. पेटीतली बारीक विणीची चटई अनासेइनीच्या मुलीला, माझ्या नातीला द्यावी. अशी चटई आमच्याकडे लग्नात देतात. तिने लग्न करावं वा न करावं, चटई तिचीच. ती मी पेनिसीमानी यांनी मला मागणी घातली त्या वर्षी विणायला घेतली. ते होड्या दुरुस्त करत. "माझ्या आईकडे राहू, जमीन जाऊ दे," म्हणाले. मी नाही म्हटलं. तरी ते पाण्याची टाकी नीट करून द्यायला यायचे, आणि मोसेसे यांनी तेवढ्यावरून न्यायालयात तक्रार घातली की, ओट्यावर परक्या पुरुषाच्या चपला दिसतात.

सगळं गाव ऐकायला आलं होतं. मी उभी राहून विचारलं, "साहेब, मी मेले असते आणि आयसेआ मागे राहिला असता, तर त्याच्या ओट्यावरच्या चपला कोणी मोजल्या असत्या का?"

निकाल माझ्या बाजूने लागला. त्यानंतर पेनिसीमानी फाटकाच्या आत कधी आले नाहीत. रस्त्यावरूनच चौकशी करत. वर्षभराने ऑकलंडला गेले आणि तिथेच वारले. चटई पुरी व्हायला आणखी नऊ वर्षं लागली. मदतीला यायला बायका तयार होत्या, पण ती मी एकटीनेच विणली.

५. घर लाकडी आहे आणि मी बांधलेलं आहे. ते अनासेइनीला देते. तिने फळ्या, पत्रे सोडवून न्यावेत. नको असेल तर सरपण करावं, पण उभं ठेवून कोणाच्या हवाली करू नये.

गेल्या नाताळात तिला म्हटलं, तुझ्यासाठी इतकी वर्षं एकटी राहिले. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "आई, मी कधी मागितलं होतं?"

तिचं खरं आहे, आणि ते इथे नोंदवते. मी सगळ्यांना सांगत आले की जमीन लेकीसाठी धरली. पहिल्या वर्षी माझ्या हाताने कोनफळं उकरली तेव्हाच मला कळलं होतं की ती मला माझ्यासाठीच हवी आहे. लेकीचं नाव पुढे केलं, कारण बाईने स्वतःसाठी काही हवं म्हणणं इथे कोणी ऐकून घेत नव्हतं. लेकीवर याचं काही ओझं नाही.

हे पेनिसीमानी यांना सांगायचं राहिलं. ते मी पोरीसाठी नकार दिला असं समजून गेले.

वाचून, समजून सही केली.
सेलुवाइया

साक्षीदार: १. मेलेनाइते, शिक्षिका. २. उइलियाता, धर्मगुरूंची पत्नी.
दोघींनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या.

व्हावाउ, ता. ९ ऑगस्ट २०२१