मास्तरांचं क्लॅरनेट कुणी बंद केलं

अण्णा, परवा जालन्यात शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात तुमचा एक चाहता भेटला आणि मला दरदरून घाम फुटला. परतूरच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि तुमच्या बँडमागे गावोगाव पायी जायचे, ते चाचा. आता कमरेत वाकलेत, पण कान शाबूत आहेत. डीजेचा दणदणाट चालला होता. ह्यांनी माझी ओळख परतूरच्या बँडमास्तरांची मुलगी म्हणून करून दिली, तर चाचा भर पंगतीत म्हणाले, "अच्छा, तूच ना ती? मास्तरचं किलारनेट बंद करनेवाली?" जिलबी माझ्या हातातच राहिली. खरं काय ते सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमच्या क्लॅरनेटचं लोकांना वेडच होतं. लग्नाची तारीख आधी मास्तरला विचारायची, मग भटजीला, असं मोंढ्यात चेष्टेनं म्हणायचे, आणि त्यात फार काही खोटं नव्हतं. पाठवणीच्या वेळी तुम्ही मंडपाच्या दारात उभे राहून वाजवायला लागलात की नवरीची आई रडायचीच, पण नवरदेवाकडच्या करवल्यासुद्धा डोळ्यांना पदर लावायच्या. बाया रडल्या नाहीत तर बँडवाल्याला बक्षिसी नाही, अशी जणू रीतच पडली होती. चाचा आणि त्यांचे दोस्त तर आमंत्रण नसलेल्या लग्नातही त्या शेवटच्या धूनसाठी यायचे, आणि जेवायला बसा म्हटलं तर लाजून निघून जायचे. शिकायला येणाऱ्यांना तुम्ही सांगायचात, "बोटं कुणालाबी शिकवता येतेत. पण वरचे दात म्हंजे किलारनेटचा खांब. खांब हलला की मंडप खाली." मी चुलीपाशी बसून ऐकायचे.

आई गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे होता, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. आधी तुम्ही भाकरीची कड काढून ठेवायला लागलात, मग भाकरी दुधात कुस्करायला, मग शेंगदाण्याचा कूट मागायला. एकदा बँडच्या ड्रेसचं कापड आणतो म्हणून जालन्याला गेलात आणि हात हलवत परत आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळाच्या वरच्या फळीवर पाण्याचा पेला दिसला, त्यावर बशी झाकलेली. मी बशी उचलली. आत कवळी होती, वरच्या दातांची. साप दिसला असता तरी मी इतकी भ्याले नसते, अण्णा. त्याच दुपारी तुम्ही मागच्या खोलीचं दार लावून वाजवायला बसता. मी बाहेर ज्वारी निवडतेय. आतून चीं असा आवाज येतो, मग फरशीवर काहीतरी पडल्याचा, मग पेटी बंद केल्याचा. थोड्या वेळानं तुम्ही बाहेर येता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "जमाना बदलून राह्यला. आपुन आता कीबोर्ड घेऊ."

हातगाड्यावर कीबोर्ड आला, त्याच्या डोक्यावर भोंगा आला. तरणी पोरं खूश झाली, नाचायला लागली. पण तुमची जुनी माणसं चवताळली. चहावाला तुमच्यापुढे कप आपटायला लागला. मास्तर पैशाच्या मागं लागले, असं तोंडावर बोलायचे. एका पाठवणीत सगळ्या बाया कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या, तेव्हा नवरीची आजी घाबरून म्हणाली, "पोरगी चालली अन् कुणालाच रडू न्हाई. काय अपशकून म्हणावा हा!" चाचांनी तर तुम्हाला भर रस्त्यात थांबवलं होतं, "मास्तर, इस डब्बे में जान नै. हमको नक्को." तुम्ही तोंडापुढे उपरणं धरून हसलात. मास्तरची फुंक गेली हे कळलं असतं तर सुपाऱ्या गेल्या असत्या आणि बँडमधली सगळी घरं बसली असती, हे खरंच होतं. पण तुम्हाला लाजही वाटत होती, हेही खरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ तुमची, आणि जीव टांगणीला माझा! प्रत्येक लग्नाच्या दिवशी मी देवापुढे एवढंच म्हणायचे, आज कुणी क्लॅरनेटचा हट्ट धरू नये.

तो धरला माझ्याच लग्नात. एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यातला नवरा, सजवलेली जीप, ऊन उतरायला लागलेलं, आणि मी मंडपाच्या दारात. तेवढ्यात चाचा तुमच्या घरात शिरले आणि कोनाड्यातली काळी पेटी छातीशी धरून बाहेर आले. "मास्तर, पोरगी चालली. आज तरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी पदर हातात घेऊन ठेवले. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. क्लॅरनेट जोडलंत, जिभेनं फुंकायची पत्ती ओली केलीत. तुमची बोटं कापत होती, लोकांना वाटलं बापाचं काळीज. मला मात्र दिसत होतं ते वेगळंच. कवळी मातीत पडलीय, पोरं खिदळतायत आणि तुम्ही ती उचलायला वाकलायत. तुम्ही क्लॅरनेट ओठांना लावलंत आणि मी ओरडले, "ते रडकं वाद्य नको मला! कीबोर्ड लावा!"

नवरी असं बोलते का कधी? आत्यानं दंडाला चिमटा काढला, "अगं भवाने, रड तरी!" मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! मास्तर न्हाई बिघडले, ह्या पोरीनंच बिघडवलं त्यांना." तुम्ही क्लॅरनेट खाली घेतलंत. "आता पोरीचाच हुकूम हाय," एवढंच म्हणालात आणि पेटी बंद केलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. भोंग्यातून सिनेमातलं एक उडतं गाणं सुरू झालं आणि मी कोरड्या डोळ्यांनी जीपमध्ये चढले. एकदा रडायला लागले असते तर रडता रडता सगळं बोलून बसले असते, एवढी मी भ्यालेली होते.

मी का ओरडले ते तुम्हाला कळलं होतं का? पुढं किती वेळा माहेरी आले. तुम्ही दूधभाकरी खायचात, मी शेजारी बसायचे, गावातल्या सगळ्या गोष्टी निघायच्या. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात मी जवळच होते. तुम्ही गेलात तेव्हा मी आधी फडताळाकडे धावले, पेल्यातली कवळी काढली आणि तुमच्या तोंडात नीट बसवली. ओठ अजून गरम होते. घाईत दोनदा सुटली. मग दार उघडलं आणि हंबरडा फोडला.

परवा चाचांना मी म्हणाले, "हो चाचा, मीच ती." "बहुत बडा गुनाह किया, बेटी," ते म्हणाले आणि वरणभात कालवायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, पश्चात्ताप झाला.

हा कागद लिहून झाला की मी गॅसवर धरणार आहे. ह्यांनासुद्धा दाखवायचा नाही. कुणाच्या हाती पडेल, कुणी वाचून हसेल, ही भीती अजून गेलेली नाही. पण जाळायच्या आधी एवढं एक तुम्हालाच सांगते. त्या दिवशी मलाही क्लॅरनेटच ऐकायचं होतं, अण्णा.