‘सगळं आलं’ म्हणालो होतो

ता. ४ नोव्हें. १९३२, शुक्र.
सकाळी कचेरीबाहेर अर्ज-दस्त लिहायची बैठक टाकली तोच राजव्वा पुढ्यात. मल्लय्या विणकराची विधवा लेक. म्हातारा जाऊन महिना झाला. मृत्युपत्र मीच लिहिलेलं. भावानं हिला मागावरून उठवलंय. "कागदात माग माजा न्हाय म्हंतो. नायनानं तुमाला सांगितलं न्हवतं का, मास्तर?"
बापानं सांगितलं होतं. ‘पाहून सांगतो’ म्हणून वाटेला लावली.

ता. ५, शनि.
मृत्युपत्राची नक्कल आणि माझं कच्चं टिपण शेजारी ठेवून वाचलं. टिपणात म्हाताऱ्याचे शब्द: घर पोराला, माग लेकीला. पक्क्यात मी: ‘घर व घरातील सर्व चीजवस्तू मुलास. मुलीने तेथेच राहून आपला उदरनिर्वाह करावा.’ पोट ती मागावरच भरणार, निराळं काय लिहायचं, असं तेव्हा वाटलं. वीस वर्षं लांबड लावणाऱ्या दस्तलेखकांना हसत आलो, आता भोगा.
वाचून दाखवल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "माग आला का त्यात?" मी म्हटलं, "आला, सगळं आलं." मग त्यानं अंगठा दिला.

ता. ७, सोम.
भावाकडे जाऊन आलो. तसा वाईट नाही, हटवादी. "माग घरातच खड्डा करून बसवलाय की. मग चीजवस्तूच. तिच्या पोटाला दोन भाकरी देतो, आनि काय पायजे?"
माझंच लिहिणं माझ्या तोंडावर फेकलं. चीजवस्तूत अख्खा माग गेला आणि उदरनिर्वाहाच्या झाल्या दोन भाकरी.

ता. २ फेब्रु. १९३३, गुरु.
राजव्वानं दावा लावलाय. मला साक्षीचं समन्स. ती हल्ली दुसऱ्यांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते.
सौ. म्हणाली, "चुकलो म्हणालात तर उद्यापासून कोण येईल तुमच्याकडं?" खरंच आहे. टिपण चुलीत घालावं असं दोनदा मनात आलं. लिहायलाही लाज वाटते.

ता. १३, सोम.
कोर्टाच्या पडवीत बसून लिहितोय. पुकारा व्हायचाय. टिपण कोटाच्या खिशात आहे. भाऊ समोरच्या बाकावर, मान खाली.
मघा राजव्वा जवळ आली. "काय सांगनार, मास्तर?"
म्हटलं, "सगळं सांगतो."
"सगळं नगं," म्हणाली. "माग म्हना. निस्तं माग."